फाईल : कपाटे (जुने वळण)

वर्ध्याकडच्या सेलूच्या जुन्या वस्तीत आमच्या दारासमोर काकाजींचं घर आहे. पूर्वी धाब्याचं होतं, आता स्लॅबचं. घर सात महिन्यांत उभं राहिलं. त्यातल्या स्वयंपाकघराला कपाटं लागायला चौदा महिने लागले. तेवढे दिवस काकूंनी ग्रॅनाइटच्या ओट्याखाली जुन्या नऊवारीचा पडदा बांधून संसार केला. पडद्यामागे कोणता डबा कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कोणालाच कळत नसे. "असंच राहू द्या, बरं पडते," असं त्या म्हणत. पण काकाजींना स्वयंपाकघर हवं होतं जुन्या वळणाचं.

हे 'जुनं वळण' त्यांच्या तोंडी पहिल्यांदा आलं ते जुनं घर पाडल्यावर तिसऱ्या दिवशी. त्याआधी वीस वर्षं ते त्या घराला 'कटकट' म्हणत. पावसाळ्यात धाबं गळायचं, दर उन्हाळ्यात वर माती टाकावी लागायची, भिंतीतून उदई निघायची. जेसीबी त्यांनीच बोलावला. दुपारी बारापर्यंत घर खाली बसलं, तेव्हा काकाजी समोर खुर्ची टाकून उसाचा रस पीत होते. मला म्हणाले, "सुटलो, मास्तर." तिसऱ्या दिवशी मलबा उचलताना मजुराला चुलीमागच्या भिंतीचा एक तुकडा सापडला. त्यात अख्खी देवळी, आणि देवळीच्या वर दिव्याच्या काजळीचा काळा तुरा. काकाजींनी तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेला, गोणपाटावर ठेवला, आणि तिथून त्यांना जी बाधा झाली ती झालीच.

अशी माणसं आता आपल्याकडे गावोगाव दिसतात. घरचं जातं भंगारात घालून मिक्सर घेतात, आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच्या घरचं जातं विकत आणून बैठकीत त्यावर काच ठेवतात. बंडी मोडतात आणि तिचं चाक फाटकाला लावतात. काकाजी याच गोत्रातले, फक्त त्यांच्या हौसेला सरकारी शिस्त होती. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ते हयातभर दुसऱ्यांची इस्टिमेटं तपासत आले. निवृत्तीनंतर तपासायला इस्टिमेटं येईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराची फाईल उघडली. तपकिरी कव्हर, भोकात टॅग, वर सुवाच्य अक्षरात : 'कपाटे (जुने वळण)'. आत डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. पत्रव्यवहार म्हणजे मिस्त्रीनं वहीच्या पानावर लिहून दिलेले भाव. त्यावर काकाजींचा पहिला शेरा मी स्वतः वाचला : 'त्रुटीपूर्ततेसाठी परत.'

मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून मला पहिल्याच आठवड्यात बोलावणं आलं.

"मास्तर, कॅबिनेटला मराठीत काय म्हणायचं?"

"मंत्रिमंडळ," मी म्हटलं.

"ते नव्हे."

"मग कपाट म्हणा."

"कपाट सगळेच म्हणतात. जुना शब्द पाहिजे."

"कपाट जुनाच आहे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. आपण दाराचं नाव अख्ख्या वस्तूला दिलं."

काकाजींना हे पटलं नाही. नुसत्या दाराला कपाट म्हणायचं तर आतल्या खणांचं बिल कशात धरायचं? मी फडताळ सुचवलं. ते म्हणाले, ते पुस्तकातलं वाटतं, आमच्या मायनं कधी फडताळ म्हटलं नाही, ती आलमारी म्हणायची. आता मात्र मला राहवलं नाही. आलमारी हा शब्द पोर्तुगिजांच्या 'आर्मारियो'वरून आलेला, गोव्याकडून चालत चालत वर्ध्यापर्यंत पोचलेला, हे मी सांगून टाकलं. काकाजींच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, जणू मायच्या माहेराबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं. शेवटी फाईलवर 'कपाटे' राहिलं ते असं, तडजोडीनं. काकू आतून म्हणाल्या, "मंत्रिमंडळच म्हणा. फक्त खातेवाटप मी करीन."

आता इथे खरी अडचण सांगून टाकतो, कारण ती मला फार उशिरा कळली आणि काकाजींना अजून कळलेली नाही. आपल्या जुन्या स्वयंपाकघराला कपाटं नव्हतीच. देवळी होती, खुंट्या होत्या, छताला शिंकं होतं. एका भिंतीला फळी, तिच्यावर पितळेचे गंज आणि गडवे उतरत्या क्रमानं. कोपऱ्यात उतरंड, पाण्याला घडवंची. फार झालं तर दुधा-तुपाला एक जाळीची आलमारी; तिचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. याचं कारण असं की स्वयंपाक बसून व्हायचा. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, कोपर म्हणजे परात, तीही जमिनीवर. बसलेल्या बाईचा हात जिथवर पोचतो तिथवर तिचं राज्य. त्याच्या वर जे काही, ते लोणच्याचं, सणावाराचं आणि मांजरापासून लपवण्याचं. गॅस आला, ओटा आला, बाई उभी राहिली, आणि उभी राहिल्याबरोबर गुडघ्याखालची आणि डोक्यावरची भिंत रिकामी पडली. कपाटं आली ती या रिकाम्या भिंतीत. तेव्हा उभ्या ओट्याखाली जुन्या वळणाची कपाटं म्हणजे धोतराला खिसा लावण्यासारखं आहे. लावता येतो, पण जुना खिसा कसा होता हे विचारू नये.

काकाजी नेमकं तेच विचारत होते, आणि उत्तरही तेच देत होते. आठवून आठवून त्यांनी जुन्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला, एक इंच बरोबर दोन फूट या प्रमाणात. काकूंनी चष्मा लावून पाहिला.

"हे तिखटाचं गाडगं उजवीकडं कसं?"

"उजवीकडेच होतं. मला पक्कं आठवते."

"चुलीपुढं बसलं की ते डाव्या हाताला येत होतं."

वाद वाढला. मग माझ्या ध्यानात आलं. काकाजींची डावी-उजवी दारातून मोजलेली होती. लहानपणी ताट वाढून होईपर्यंत ते उंबरठ्यावर उभे राहत. तिथून जे दिसलं ते त्यांना खिळ्यानिशी आठवत होतं : पितळेची चकाकी, उतरंडीची उंची, शिंक्याची सावली. काकू त्याच घरात लग्न होऊन आल्या आणि नऊ वर्षं त्याच चुलीपुढे बसल्या. जुन्या वळणाचं त्यांना काय आठवतं म्हणून मी विचारलं, तर एका शब्दात म्हणाल्या, "धूर."

फाईल मात्र दारातूनच पुढे सरकत राहिली.

दिवाळीच्या आधी काकाजी मला घेऊन नागपूरला निघाले. केळझरच्या गणपतीला बसमधूनच हात जोडले, आणि एका मोठ्या दुकानात आम्ही शिरलो. दुकान कसलं, अठरा स्वयंपाकघरं ओळीनं मांडलेली आणि एकातही फोडणीचा वास नाही. टाय लावलेल्या मुलानं दारांचे नमुने दाखवायला घेतले. एका दारावर टिचकी मारून म्हणाला, "सर, ट्रॅडिशनलमध्ये हे बेस्ट. शेकर."

"शेखर कोण?" काकाजींनी विचारलं.

"शेखर नाही सर, शेकर. फॉरेनचं आहे."

दार साधं होतं. चार पट्ट्यांची चौकट, मधे सपाट फळी, नक्षीचं नाव नाही. काकाजींनी पुन्हा पुन्हा हात फिरवला. हे कुठे तरी पाहिलंय, असं ते सारखं म्हणत होते. येताना बसमध्ये मी त्यांना शेकरांबद्दल सांगितलं. ॲन ली नावाची बाई १७७४ मध्ये मूठभर अनुयायी घेऊन इंग्लंडहून अमेरिकेला गेली. प्रार्थनेच्या वेळी ही मंडळी थरथरत, नाचत, म्हणून लोकांनी त्यांना शेकर म्हटलं. नक्षीकाम पाप, उधळपट्टी पाप. स्त्री-पुरुष एका छताखाली राहत, पण जन्मभर ब्रह्मचर्य. भिंतीला सगळीकडे खुंट्या, आणि झाडू मारताना खुर्च्यासुद्धा खुंटीला टांगत. खुंट्यांपर्यंत काकाजी खूश होते. ब्रह्मचर्याला जरा थबकले. घरी आल्यावर त्यांनी ते काकूंच्या कानावर घातलं.

"बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "ब्रह्मचाऱ्याले कुठं लेकीकडं डबे भरून पाठवाचे असतात? त्याइची कपाटं साधीच दिसन."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दाराचा फोटो दाखवला. मिस्त्रीनं मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "हे काय जी, हे तं आपलं दिलहेदार दार होय. माह्या बापानं जन्मभर हेच केलं. शंभर दारं तं मीच जाळाले जातानी पाह्यली."

काकाजींनी फाईलमध्ये लिहिलं : 'शेकर = दिलहेदार. स्थानिक दरानं करून घ्यावे.' चौदा महिन्यांतला हा पहिला उपयोगी शेरा, आणि त्यावर अंमल झाला नाही, कारण तेवढ्यात माझ्याकडून एक चूक झाली. मी त्यांना फ्रँकफुर्टची गोष्ट सांगितली.

आज ज्याला आपण मॉड्युलर म्हणतो त्याची पणजी म्हणजे १९२६ चं फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईनं ते आखलं. पहिल्या महायुद्धानंतर शहरात कामगारांसाठी घरं बांधायची होती, जागा थोडी, पैसा थोडा. तिनं रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर नजरेपुढे ठेवलं, कोणत्या कामाला किती पावलं पडतात ते घड्याळ लावून मोजलं, आणि जेमतेम दोन मीटर बाय साडेतीन मीटरच्या खोलीत सगळं बसवलं. पीठ, मीठ, डाळ यांना ॲल्युमिनियमचे ओढखण, प्रत्येकावर नाव उठवलेलं. रंग निळसर, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असं तेव्हाच्या जाणकारांचं मत. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. इथपर्यंत काकाजी जांभया देत होते. मग मी म्हटलं, "आणि गंमत अशी, की त्याआधी तिनं स्वतः कधी घर चालवलं नव्हतं. तिनंच पुढे तसं सांगितलंय."

काकाजी ताठ बसले. "म्हणजे स्वयंपाक न करणाऱ्यानंच स्वयंपाकघर चांगलं आखलं."

"तिनं करणाऱ्यांची पावलं मोजली होती, काकाजी."

पण दुसरं वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू पोळ्या करत असताना ते दारात स्टूल टाकून घड्याळ घेऊन बसले. ओटा ते फ्रीज चार पावलं, फ्रीज ते सिंक तीन. चौथ्या पोळीला काकूंनी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता तुमच्याकडं येते. किती पावलं होतात मोजा." पाहणी तिथेच आटोपली.

थंडीत त्यांनी सेवाग्राम काढलं. जुनं वळण पाहायचं तर मूळ ठिकाणी जाऊन पाहावं, असा मुद्दा होता आणि तो बिनतोडच होता. काकू पण आल्या; एरवी सेलूहून वर्धा १८-२० किलोमीटर, तरी बापू कुटी त्यांनी शाळेत असताना पाहिली तेवढीच. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं; सेवाग्राम झालं १९४० मध्ये. झोपडी आसपासच्याच मालातून व्हावी आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशी त्यांची अट होती. अटीचं आणि खर्चाचं पुढे काय होतं हे बांधकाम विभागातल्या माणसाला सांगायला नको, पण काकाजी तरीही गहिवरले. मीराबेननं ओल्या मातीत उठवलेली खजुराची झाडं त्यांनी पाहिली. मातीच्या भिंतीत लिंपून काढलेले कप्पे पाहिले, आणि खिशातून टेप काढला. कप्प्याची उंची, खोली, कडेची गोलाई. फाईलमध्ये शेरा : 'कप्प्यांना दारे नाहीत. खर्चात बचत.'

"दारं नाहीत कारण लपवाले काही नव्हतं," काकू म्हणाल्या. "आपल्याकडं मागच्या वर्षीच्या कुरड्या आहेत."

त्याच आठवड्यात काकाजींनी कपाटांसाठी पितळेच्या मुठी पसंत केल्या होत्या, एका मुठीला साडेतीनशे रुपये. मी हिशेब केला. एका मुठीत साडेतीन कुट्या. बोललो नाही.

परतीच्या वाटेवर वर्ध्यात मगन संग्रहालयात थांबलो. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे ग्रामोद्योगाचं संग्रहालय. कुमारप्पा, मगनवाडी, तेलघाणी, हातकागद असं मी बोलत होतो. बोलता बोलता मगनवाडीत तयार झालेल्या बिनधुराच्या मगन चुलीचा उल्लेख आला. काकू थांबल्या.

"बिनधुराची? इथं? केव्हा?"

"आमच्या जन्माच्या आधी."

काकू काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग काकाजींकडे न पाहता म्हणाल्या, "इथून सेलू किती हो? मामाजी दर आठवड्याले कापूस घेऊन इथं येत होते." त्या दिवशी गाडीत काकाजींनी फाईल उघडली नाही.

पण माणूस असा सहजासहजी सुधारत नाही. संक्रांतीनंतर त्यांना अंगणातल्या तुळया आठवल्या. घर पाडताना निघालेल्या पाच तुळया टिनाखाली रचून ठेवल्या होत्या. त्या आलापल्लीच्या जंगलातल्या सागवानाच्या, आजोबांनी बंड्यांवर घालून आणलेल्या, असं काकाजी सांगत. याला पुरावा नाही, पण लाकूड चांगलं होतं यात वाद नाही. मिस्त्रीनं पटाशीनं एक ढलपी काढून हुंगली आणि मान हलवली. वरून काजळीनं काळंकुट्ट, आतून मधासारखं.

नवं सागवान घ्यायचा विषय निघालाच होता. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेलं, ते काकाजींनी टीव्हीवर पाहिलं होतं. "रामाच्या दाराला जे लाकूड, तेच आपल्या तिखटमिठाच्या दाराला," असं म्हणून त्यांनी भाव काढला, आणि भाव ऐकल्यावर घरच्या तुळयांवर त्यांची श्रद्धा बसली.

पाच तुळया, प्रत्येकी १० फूट, ५ इंच बाय ५ इंच. साडेआठ घनफुटांच्या थोडं वर. भिंतीत गाडलेली टोकं उदईनं खाल्लेली, ती कापून टाकावी लागली. आरा मशीनवाल्यानं जुनं लाकूड पाहून हात जोडले, कारण आत कुठे खिळा निघाला तर पातं जातं. मग काकाजी आणि मिस्त्री दोन दिवस लोहचुंबक घेऊन तुळयांवर बसले. अठ्ठेचाळीस खिळे निघाले, एक बैलाच्या घुंगराची कडी निघाली. सगळे खिळे काकाजींनी एका पाकिटात घालून फाईलला जोडले. चिरून, रंधून, भुसा वजा जाता हिशेब असा बसला की अख्खी कपाटं काही होत नाहीत. फक्त दारं होतील. आत प्लायच घालावा लागेल.

"बाहेरून आजोबा, आतून प्लाय," मिस्त्री म्हणाला. "सगळ्या घराईत असंच असते जी."

काकाजींनी नमुन्यादाखल एक दार करायला सांगितलं. दिलहेदार नको, अख्ख्या फळीचं. दार चौकटीच्या आत बसलं पाहिजे, चौकटीवर चढलेलं नको. जुन्या आलमारीला तसंच होतं. आणि फट दिसता कामा नये. मिस्त्री म्हणाला, एक सूत तरी फट ठेवू द्या, लाकूड पाणी पिते. काकाजी म्हणाले, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता काय पिणार? वैशाख होता. वर्ध्याकडचा वैशाख म्हणजे माणसाच्या टाचेलाही भेगा पडतात, लाकडाचं काय. दार असं बसलं की पोस्टकार्ड जाणार नाही. काकाजींनी ते पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवलं. आणि प्रात्यक्षिक म्हणून त्या एकुलत्या एक कपाटात स्वतःची फाईल ठेवू लागले.

मृगात नुसता दमटपणा आला. आर्द्राच्या दुसऱ्या दिवशी बोर नदीला लाल पाणी आलं, घोराडकडच्या वारकऱ्यांची भजनं रात्रभर ऐकू आली, आणि सकाळी दार उघडेना. काकाजींनी ओढलं, काकाजींच्या मुलानं ओढलं, मग मूठ हातात आली. साडेतीनशे रुपयांची. फाईल आत. मिस्त्री म्हणाला, आता जबरदस्ती केली तर फळी तडकते, चार दिवस उघाड पडू द्या.

सेलूच्या बांधकामाच्या इतिहासात ते चार दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावेत. फाईल नाही म्हणजे शेरा नाही, शेरा नाही म्हणजे त्रुटी नाही. काकाजी पिंजऱ्यातल्यासारखे येरझारा घालत होते, आणि काकूंनी मिस्त्रीला चहा देऊन समोर बसवलं. ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या. पहिली चमच्यांची, दुसरी ताटांची, खाली गंज आणि कोपर यांना खोल. सिलिंडरशेजारी तेलाच्या बाटल्यांना उभी चिंचोळी. पाण्याजवळचा प्लाय वॉटरप्रूफच, त्यात काटकसर नको. वरची कपाटं एक फुटाहून खोल नकोत, मागचं काही दिसत नाही. सगळ्यात वरचा खण माळ्याला, तिथे कुरड्या. दारं आजोबांच्याच लाकडाची, पण दिलहेदार, आणि मधला दिलहा खोबणीत मोकळा, डिंक न लावता, म्हणजे पावसाळ्यात फुगला तर आतल्या आत फुगतो, चौकटीला धक्का नाही. हे शेवटचं मिस्त्रीनं सांगितलं. बाकीचं सगळं खातेवाटप काकूंनी वीस मिनिटांत केलं. मी साक्षीदार आहे.

पाचव्या दिवशी ऊन पडलं, दार उघडलं, फाईल निघाली. काकाजींनी मंजूर झालेला नकाशा पाहिला. ट्रॉल्या पाहून सुस्कारा सोडला, पण दारं आजोबांच्या लाकडाची आहेत यावर विरघळले. दोनच गोष्टी अडल्या. एक, कोपऱ्यात उतरंड पाहिजे. सहा मडकी, एकावर एक, त्यावर त्यांनी अजिबात माघार घेतली नाही. दुसरी, सिंकच्या पुढची पट्टी. तिथे ओढखण बसत नाही, कारण मागे सिंकचं भांडं असतं. म्हणून मिस्त्री तिथे ओढखणासारखी दिसणारी नुसती फळी ठोकतो, मूठ लावून. ओळ जुळते. काकाजींना हे कळलं आणि त्यांचा आवाज चढला.

"खोटा ओढखण? आपल्या घरात? आपल्या लोकांनी असला देखावा कधी केला नाही." फाईलमध्ये ठळक : 'सकारण नामंजूर.'

मग उतरंड. मडकी कुंभाराकडून आली, रचली, झकास दिसली. काकू म्हणाल्या, "यात काय भरू?" काकाजींना वरच्या मडक्यात मीठ आठवत होतं, दुसऱ्यात चिंच. तिसऱ्यात काय? मुळाबरहुकूम व्हायला पाहिजे. त्यांनी हिंगणघाटला मोठ्या बहिणीला फोन लावला. आक्का चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कान थोडा कमी, म्हणून स्पीकरवर. स्वयंपाकघरात मी, मिस्त्री, काकू.

"आक्का, मायच्या उतरंडीत तिसऱ्या मडक्यात काय राहत होतं?"

"कोणत्या?"

"तिसऱ्या! मीठ, चिंच, मग?"

"काही नाही रे. रिकामं."

"रिकामं कसं? आणि त्याच्या खालची तीन?"

"तीही रिकामीच. दारातून पाहुण्याले उतरंड उंच दिसली पाहिजे म्हणून माय रचून ठेवत होती. सहा मडकी भरण्याइतकं होतं काय आपल्याकडं? तुह्या सोयरिकीच्या वक्ती तं दोन शेजारून मांगून आणली होती. नवरीचा बाप दारातून पाहून गेला, चहा पेला, हो म्हणून गेला."

फोनवर थोडा वेळ नुसती खरखर. नवरी ओट्याला टेकून उभी होती. "बाबा घरी येऊन म्हणाले होते," काकू सावकाश म्हणाल्या, "की घर भरलेलं आहे, उतरंडच आठ मडक्याची आहे."

मिस्त्रीनं टेप मिटवला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. काकाजींनी फोन ठेवला. बराच वेळ ते उतरंडीकडे पाहत उभे होते, दारातच. मग त्यांनी फाईल मागितली, सिंकसमोरच्या ओढखणाचं पान काढलं, 'नामंजूर'मधला 'ना' खोडला, बाजूला लहान सही केली आणि खाली लिहिलं : 'पूर्वापार प्रथा.'

कपाटं श्रावणात लागली. दारं खरोखर देखणी आहेत, मधाच्या रंगाची, आणि कुठेकुठे खिळ्यांची काळी भोकं मिस्त्रीनं तशीच ठेवलीत. काकू ट्रॉल्यांवर खूश आहेत. पाहुणे येतात, दारातून पाहतात, वा म्हणतात, आणि आत आले की का कोण जाणे, त्यांचा हात नेमका सिंकसमोरच्या त्या मुठीकडे जातो. ओढतात, निघत नाही. पुन्हा ओढतात. परवा चहाचा कप ठेवायला गेलो तर चमचा शोधायला मीसुद्धा तीच ओढली, सगळं माहीत असून.

"ते नाही निघत, मास्तर," काकू म्हणाल्या. "ते जुन्या वळणाचं हाये."